कांदोळीच्या वाळूतले जहाज: 'रिव्हर प्रिन्सेस' प्रकरणाचा अभ्यास

६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे सुमारे २४० मीटर लांबीचे खनिजवाहू जहाज गोव्यातल्या कांदोळी-सिकेरी किनाऱ्यावर येऊन रुतले. ते पूर्णपणे हटायला २०१२ साल उजाडले. मधल्या काळात त्याच्यासाठी कायदा झाला, न्यायालयात वाद झाले, कंत्राटदार आले आणि गेले, आणि हजारो पर्यटकांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले. या लेखात मालक कंपनी, कंत्राटदार, मंत्री आणि अधिकारी यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. कोण चुकले यापेक्षा निर्णय कधी आणि कसे घेतले गेले, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावाला उपयोगी पडेल.

## पार्श्वभूमी

आग्वादच्या किल्ल्यापासून उत्तरेला सिकेरी, कांदोळी, कळंगुट, बागा असा सलग वाळूचा पट्टा आहे. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगिजांनी मांडवीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला बांधला. १९७० च्या दशकात त्याच्या पायथ्याशी पंचतारांकित हॉटेल आले आणि पुढे युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. २००० सालापर्यंत या पट्ट्यातल्या गावांचे पोट मुख्यतः पर्यटनावर भरू लागले होते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे मच्छीमार होतेच, पण त्यांच्याही घरातली मुले शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळींत), जलक्रीडेच्या बोटींवर किंवा खोल्या भाड्याने देण्याच्या व्यवसायात शिरली होती.

त्याच समुद्रावर गोव्याचा दुसरा मोठा धंदा चालत होता, तो लोहखनिजाचा. मांडवी आणि जुवारीतून बार्जेस खनिज भरून खाली यायच्या आणि मुरगाव बंदरात किंवा बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांत माल चढवायच्या. पावसाळ्यात आग्वादसमोरचा वाळूचा दांडा ओलांडणे धोक्याचे असते, म्हणून मांडवीतल्या बार्जेस कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. जूनमध्ये हा समुद्र काय करू शकतो, हे खनिजाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ज्या अपघाताची शक्यता दरवर्षी ठराविक आठवड्यांत वाढते, त्याची तयारी आधी करून ठेवता येते.

## नेमके काय घडले

गोव्यात मॉन्सून साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो. खवळलेल्या समुद्रात जहाज नांगरावरून सुटले आणि वाहत येऊन किनाऱ्यापासून काही शे मीटरवर उथळ पाण्यात बसले. अशा वेळी पहिली चिंता माणसांची आणि टाक्यांमधल्या तेलाची असते आणि ती रास्तच असते. पण त्या चिंतेत दुसरा प्रश्न मागे पडतो: जहाज इथून कधी आणि कसे जाणार?

पहिले दिवस इतके मोलाचे का असतात, हे समजायला रुतलेल्या जहाजाभोवती वाळू कशी वागते ते पाहावे लागते. लाट येते तेव्हा जहाजाचा भार थोडा हलका होतो आणि लाट ओसरली की ते पुन्हा तळावर आदळते. प्रत्येक आदळण्याबरोबर खालची वाळू बाजूला सरकते. पुढच्या आणि मागच्या टोकाला वळसा घालून पाणी वेगाने धावते आणि तिथे खळगे पडतात. त्या खळग्यांत जहाजाची टोके खचतात, मग कडेने वाळू भरते. पत्रा कुठे फाटला असेल तर पाण्याबरोबर वाळूही आत शिरते. पाणी पंपाने काढता येते. दबून बसलेली ओली वाळू काढणे मात्र फार अवघड जाते. काही आठवड्यांत मुळात तरंगण्यासाठी बांधलेल्या त्या वस्तूचे वजन आणि पकड दोन्ही इतके वाढते की टगने ओढणे हा उपायच उरत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीलाही पाणी जेमतेम दोनेक मीटर चढउतार करते. खंबातच्या आखातात भरती प्रचंड असते, म्हणून गुजरातमधल्या अलंगला, जिथे जुनी जहाजे तोडली जातात, ती भरतीच्या जोरावर वाळूवर चढवता येतात. कांदोळीला समुद्राकडून तशी मदत मिळणार नव्हती. जहाज तरंगवायचे असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांचे मोजकेच दिवस हाती होते, आणि तेही पावसाळी लाटांमध्ये.

## पहिला निर्णयाचा क्षण: रिकामा किनारा

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. जहाज रुतले तेव्हा किनाऱ्यावर जवळजवळ कोणी नव्हते. जूनपर्यंत शॅक उतरवलेले असतात, झावळ्या आणि वासे गोदामात गेलेले असतात, चार्टर विमाने बंद असतात, यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. हॉटेलांमध्ये डागडुजी चालू असते. ज्यांचे पोट त्या किनाऱ्यावर अवलंबून होते, त्यांना जहाजाची झळ ऑक्टोबरमध्ये लागणार होती.

त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात ओरडणारे कमी होते आणि पत्रव्यवहार जास्त होता. जहाज कोणी काढायचे? मालकाने, विमा कंपनीने, बंदर खात्याने की केंद्राच्या नौकानयन यंत्रणेने? त्या वेळी लागू असलेल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात भग्न जहाजांबद्दल स्वतंत्र भाग होता. पण त्या तरतुदींचा कल सापडलेला माल आणि जहाज सांभाळणे, हक्कदाराला परत देणे, लिलाव करणे याकडे होता. उथळ पाण्यात रुतलेले जहाज अमुक दिवसांत हटवा, नाहीतर तुमच्या विमा कंपनीकडून थेट वसुली करू, असे ठणकावून सांगायला किनाऱ्यावरच्या राज्याच्या हाती पुरेसे धारदार हत्यार नव्हते.

इथे तुलना उपयोगी पडते. जून २०११ मध्ये कोलंबोहून अलंगला ओढून नेले जात असलेले 'एम. व्ही. विस्डम' दोर तुटून जुहूच्या चौपाटीवर आले. त्याच पावसाळ्यात, ३१ जुलैला, ओमानजवळ सोडून दिलेले 'एम. व्ही. पवित' वाहत येऊन जुहू-वर्सोव्याच्या वाळूत बसले. दोन्ही जहाजे काही आठवड्यांत, भर पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीला ओढून बाहेर काढली गेली. ती 'रिव्हर प्रिन्सेस'च्या मानाने खूपच लहान होती आणि मुंबईत टग व यंत्रसामग्री हाताशी होती, हे मान्य. तरी एक फरक उरतोच. जुहूला पहिल्या दिवसापासून लाखो डोळे त्या जहाजांवर होते, आणि प्रत्येक उधाणाचा दिवस कॅलेंडरवर खुणा करून वापरला गेला. कांदोळीला पहिला पावसाळा जबाबदारी ठरवण्यात गेला.

## लोक बघायला येऊ लागले

ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा किनाऱ्यावर नवी वस्तू उभी होती. संध्याकाळी सूर्य तिच्यामागे उतरायचा. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या बोटी वाटेत तिच्याजवळून जायच्या. पॅराशूटवरून वर गेलेल्याला ती अख्खी दिसायची. टॅक्सीवाले आग्वादचा किल्ला आणि तुरुंग दाखवून झाल्यावर हे जहाजही दाखवू लागले. कांदोळीत कुठे भेटायचे ते सांगताना 'जहाजासमोर' एवढे पुरायचे. देशी पर्यटकांना तर त्याचे फारच अप्रूप. घाटावरून आलेल्या कुटुंबाने एवढे मोठे जहाज इतक्या जवळून आयुष्यात पाहिलेले नसायचे.

त्यांच्या कुतूहलात काहीच वावगे नव्हते. मला स्वतःला गंजलेल्या लोखंडाचे आणि समुद्राचे एकत्र दिसणे अतिशय सुंदर वाटते. पण प्रकरणाच्या दृष्टीने या कुतूहलाचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही नुकसानीचे होते.

पहिला परिणाम असा की निकड ओसरली. दिसायला भव्य, निवांत, फोटोत छान येणारी वस्तू संकट आहे, असे बाहेरून येणाऱ्याला वाटत नाही. दरवर्षी नव्या पर्यटकांसाठी ते जहाज 'पहिल्यापासूनच तिथले' होते. हळूहळू प्रशासनातही तीच सवय शिरली.

दुसरा परिणाम हिशेबाचा. जहाज पाहायला लोक येतात, तर त्याचा गावाला फायदाच आहे, असा युक्तिवाद अधूनमधून कानावर यायचा. पण कांदोळीला लोक जहाजासाठी येत नव्हते. ते वाळूसाठी आणि समुद्रात डुंबण्यासाठी येत होते आणि आल्यावर जहाज पाहत होते. हॉटेलात खोली घेण्याचे कारण जहाज नव्हते. उलट फाटलेले पत्रे, जहाजाच्या टोकांपाशी ओढणारे प्रवाह आणि अरुंद होत जाणारा किनारा ही पुढच्या वेळी दुसरीकडे जाण्याची कारणे होती. आकर्षण आणि मिळकत वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणीतरी त्या कागदावर स्वतंत्र मांडायला हव्या होत्या.

## किनाऱ्याचे काय झाले

गोव्याचा वाळूचा किनारा वर्षभर एकसारखा नसतो. पावसाळ्यात उंच लाटा वाळू आत ओढून नेतात आणि किनारा अरुंद, उताराचा होतो. सप्टेंबरनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. शॅकवाल्यांचे सगळे गणित या परत येणाऱ्या वाळूवर असते.

किनाऱ्याला समांतर आडवे पडलेले मोठे जहाज या देवाणघेवाणीत लाटरोधक भिंतीचे काम करते. त्याच्या आडोशाला लाटा मंदावतात आणि तिथे वाळू साठते, किनारा जहाजाच्या दिशेने पुढे सरकतो. ती वाळू दुसरीकडे जायची असते. ती अडल्यामुळे शेजारच्या भागाला वाळूचा पुरवठा कमी पडतो आणि तिथे धूप होते. म्हणून एकाच गावात एका शॅकसमोर किनारा रुंद आणि काही अंतरावरच्या हॉटेलसमोर पाणी थेट पायऱ्यांशी, असे विचित्र चित्र तयार होऊ शकते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या किनाऱ्याचा अभ्यास केला. धूप हा जहाज हटवण्याच्या मागणीतला मुख्य मुद्दा बनला.

मात्र एक उणीव राहिली. जहाज आले त्या वर्षीच, दर महिन्याला, ठराविक खांबांपासून पाण्यापर्यंतची मोजणी सुरू करायला हवी होती. ते काम शाळेतल्या मुलांनाही करता येईल इतके सोपे आहे: टेप, दोन काठ्या, वही. अशी सलग नोंद हाताशी असती तर किती धूप पावसाळ्याची, किती जहाजाची आणि किती किनाऱ्यालगतच्या बांधकामांची, हा वाद वर्षानुवर्षे अंदाजांवर चालला नसता.

## समोर असलेले पर्याय

मालकाकडूनच काढून घेणे. तत्त्वतः सर्वांत न्याय्य. पण मालकाच्या दृष्टीने जहाजाची भंगार म्हणून किंमत आणि ते काढण्याचा खर्च यांत दुसरा आकडा मोठा झाला, की जहाज ही संपत्ती राहत नाही. मग प्रत्येक नोटिशीला उत्तर आणि प्रत्येक उत्तराला तारीख असा खेळ सुरू होतो.

अखंड तरंगवून ओढून नेणे. किनाऱ्यासाठी सर्वांत स्वच्छ. भोके बुजवायची, आतले पाणी आणि वाळू काढायची, भोवतीची वाळू उपसून खोल वाट करायची आणि उधाणाला टगने ओढायचे. पहिल्या काही आठवड्यांत हा पर्याय खराखुरा होता. तीन-चार वर्षांनी गंजाने पत्र्याची जाडी कमी झालेली, सांगाडा वाकलेला, पोट वाळूने भरलेले. मग हा पर्याय कागदावर आकर्षक आणि पाण्यात अशक्य ठरत गेला.

जागेवर कापणे. खात्रीचा, पण घाणेरडा. तेलाचे अवशेष, रंगाचे पापुद्रे, गॅसकटरचा धूर आणि लोखंडी तुकडे यांसह पर्यटनाच्या किनाऱ्यावरच जहाजतोडणीचा कारखाना थाटायचा. किनारी नियमन क्षेत्राच्या परवानग्यांचा प्रश्न होताच, गावाचाही विरोध साहजिक होता. शिवाय वरचा भाग कापून विकला की नफ्याचे लोखंड संपते आणि वाळूखालचा तोट्याचा भाग तसाच राहण्याची भीती असते. हा धोका फार खरा आहे. पाण्यावर दिसणारे जहाज निदान चुकवता येते. पाण्याखाली राहिलेल्या धारदार बुडाचा पोहणाऱ्याला आणि रापणीच्या जाळ्याला पत्ताही लागत नाही.

तसेच ठेवून प्रेक्षणीय स्थळ करणे. या पर्यायाची जगातली प्रसिद्ध जागा म्हणजे ग्रीसच्या झाकिन्थॉस बेटावरचा नवाजिओ किनारा. तिथे १९८० साली 'पानाजिओतिस' नावाचे छोटे मालवाहू जहाज रुतले आणि पुढे देशाच्या पर्यटनाचे चिन्हच बनले. पण ते उंच कड्यांनी वेढलेल्या, वस्ती नसलेल्या खाडीत, पाण्याबाहेर कोरड्या किनाऱ्यावर आहे. तिथेही २०१८ मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाले आणि अलीकडच्या वर्षांत किनाऱ्यावर उतरायला बंदी घालावी लागली. वस्तीच्या, रोज हजारो लोक डुंबणाऱ्या किनाऱ्यावर, लाटांच्या पट्ट्यात उभे असलेले २४० मीटर जहाज ही वेगळीच गोष्ट होती.

खोल पाण्यात नेऊन बुडवणे. गोव्यातच ग्रांद बेटाजवळ 'सुझीज रेक' नावाने ओळखली जाणारी बुडालेल्या जहाजाची जागा आहे आणि स्कूबा डायव्हिंग शिकणारे तिथे आवर्जून जातात. सिंधुदुर्गात निवतीजवळ निवृत्त युद्धनौका 'गुलदार' मुद्दाम समुद्रतळावर उतरवून पर्यटन आणि माशांसाठी कृत्रिम प्रवाळ करण्याची योजना महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतली. अशा योजनांत आधी तेल, विषारी रंग, तारा सगळे साफ केले जाते आणि जागा निवडली जाते. 'रिव्हर प्रिन्सेस'साठी या वाटेने जायचे तरी आधी ते तरंगवावे लागले असते. म्हणजे गाडी पुन्हा दुसऱ्या पर्यायाशीच येऊन अडकत होती.

## काय केले गेले

विधानसभेने २००१ मध्ये गोवा पर्यटन स्थळे (संरक्षण व देखभाल) कायदा केला. पर्यटन स्थळाचे नुकसान करणाऱ्या गोष्टींवर कारवाई करण्याचा अधिकार त्यातून राज्याला मिळाला आणि त्याच्या आधारे जहाज सरकारच्या ताब्यात आले. आज गोव्यात उघड्यावर दारू पिणाऱ्याला आणि स्वयंपाक मांडणाऱ्याला जो दंड होतो, तो २०१९ मध्ये याच कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे. वाळूत रुतलेल्या एका जहाजामुळे राज्याच्या कायद्यात जी भर पडली, ती अशी आजही चालू आहे.

कायदा करणे हे पाऊल धाडसाचे होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. केंद्राच्या कायद्यात वाट सापडत नाही म्हणून हात बांधून न बसता राज्याने स्वतःच्या अधिकारातली वाट काढली. पण ताबा घेताना ओझेही अंगावर आले. तोवर प्रश्न 'मालक जहाज का काढत नाही?' असा होता. आता तो 'सरकार जहाज का काढत नाही?' असा झाला.

त्यानंतरची वर्षे निविदांची. कंत्राट दिले जाई, काम सुरू होई किंवा होतच नसे, मुदत संपे, वाद न्यायालयात जाई, पुन्हा निविदा निघे. प्रत्येक निवडणुकीत जहाज हटवण्याचे आश्वासन असे.

इतके प्रयत्न का फसले? तीन कारणे मला ठळक दिसतात.

समुद्राचे वर्ष आणि सरकारी वर्ष जुळत नव्हते. अशा कामाला ऑक्टोबर ते मे एवढीच मुदत मिळते. सप्टेंबरच्या शेवटी यंत्रे किनाऱ्यावर हजर हवीत, तर कार्यादेश त्याआधी निदान काही महिने निघायला हवा. हंगाम सुरू झाल्यावर निविदा उघडल्या, त्यांची छाननी, आक्षेप, परवानग्या होईपर्यंत फेब्रुवारी गाठला, की ते वर्ष गेलेच. पुढच्या पावसाळ्यात जहाज आणखी खचते आणि कंत्राटदाराने पाहणी करून दिलेला आकडा खोटा ठरतो.

दुसरे कारण लोखंडाचा भाव. जहाज काढण्याचा खर्च भंगारातून भरून निघेल, या हिशेबावर कंत्राटदार पुढे येतात. २००८ च्या मध्यापर्यंत पोलादाचे भाव चढे होते आणि त्या वर्षाच्या अखेरीस ते जगभर कोसळले. भंगारावर बेतलेले कोणतेही कंत्राट अशा घसरणीत तग धरत नाही. दरम्यान जहाज गंजत होते, म्हणजे विकण्याजोगे लोखंडही घटत होते.

तिसरे, काम देताना जहाजतोडणीचा अनुभव आणि रुतलेली जहाजे सोडवण्याचा अनुभव यांत पुरेसा फरक केला गेला नाही, असे एकूण घटनाक्रमावरून वाटते. अलंगच्या कोरड्या किनाऱ्यावर उत्तम काम करणाऱ्याला लाटांच्या पट्ट्यात, अर्धे जहाज वाळूखाली असताना काम जमेलच असे नाही. त्यासाठी पाणबुडे, तराफे, वाळू उपसणारी यंत्रे आणि हवामानाचा अंदाज घेऊन काम थांबवण्याची शिस्त लागते.

अखेरच्या टप्प्यात सरकारने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला. त्यामुळे निर्णयांना वेग आला आणि जागेवर कापून तुकड्या-तुकड्यांनी हटवण्याचे काम प्रत्यक्षात पुढे सरकले. सुरुवातीला सर्वांत नकोसा वाटलेला पर्यायच शेवटी उरला होता.

## निकाल

२०१२ मध्ये कांदोळीच्या क्षितिजावरून जहाज नाहीसे झाले. आज तिथे गेलेल्या तरुण पर्यटकाला इथे काही होते हेही ठाऊक नसते. पर्यटन घटले नाही. जहाज गेल्यामुळे कांदोळीला येणे थांबवले, असा माणूस माझ्या ऐकण्यात नाही. 'आकर्षण' म्हणून त्याचे मोल किती होते, याचे उत्तर यातच आहे.

## वेगळे काय करता आले असते

पहिल्या सहा आठवड्यांत जबाबदारीचा प्रश्न बाजूला ठेवून कामाचा प्रश्न घ्यायला हवा होता. खर्च कोणाचा हे नंतर न्यायालय ठरवील, आधी पुढच्या दोन-तीन उधाणांना प्रयत्न करू, अशी भूमिका घेण्यासाठी राज्याकडे दोन गोष्टी तयार लागतात: आधीच दर ठरवून ठेवलेला बचाव कंत्राटदार आणि तातडीने खर्च करता येईल असा निधी. जहाज रुतल्यावर निविदा काढणे म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेणे.

ताबा घेण्याबाबत माझे मत असे की राज्याने हटवण्याचा अधिकार घ्यावा, पण मालकाची खर्चाची जबाबदारी शाबूत ठेवावी. आता यासाठी आंतरराष्ट्रीय चौकटही आहे. भग्न जहाजे हटवण्याबाबतचा नैरोबी करार २००७ मध्ये झाला, भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला आणि तो २०१५ पासून लागू झाला. त्यानुसार ३०० टनांवरच्या नोंदणीकृत जहाजांना हटवण्याच्या खर्चाचा विमा बंधनकारक आहे आणि किनाऱ्याच्या देशाला थेट विमा कंपनीकडे दावा करता येतो. २००० साली हे नव्हते. पण कागदावर करार असणे आणि मेच्या अखेरीस नांगरावर उभ्या असलेल्या प्रत्येक जहाजाचे विमापत्र कोणीतरी खरोखर तपासलेले असणे, यांत अंतर आहे.

हे अंतर मिटलेले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नू शी नलिनी' हे नाफ्था भरलेले, माणसे नसलेले जहाज दोनापावलाजवळच्या खडकांवर आले आणि त्यातला नाफ्था काढेपर्यंत पणजीकरांचा जीव टांगणीला लागला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला येऊन भिडले. खलाशी वाचले. जहाज मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहिले, आणि मिऱ्याला संध्याकाळी सेल्फी काढणाऱ्यांची रीघ लागली. पुन्हा जूनचा पहिला आठवडा, पुन्हा रिकामा किनारा, पुन्हा पर्यटकांचे कौतुक आणि पुन्हा गावकऱ्यांची बंधाऱ्याची काळजी.

शेवटचा मुद्दा ग्रामपंचायतींसाठी. रापणकाराचे फाटलेले जाळे, शॅकवाल्याची गेलेली जागा, बोटवाल्याचा घालावा लागलेला वळसा: ही नुकसानी वर्षाला थोडी असते आणि बारा वर्षांत मोठी होते. तिची नोंद ठेवणारी वही कोणाकडेच नसली, तर भरपाईच्या वेळी राज्याचा खर्च आणि मालकाचा तोटा एवढेच आकडे टेबलावर येतात. जहाज रुतले त्याच आठवड्यात पंचायतीने अशी वही उघडावी, तारखेसह फोटो चिकटवावेत आणि दर महिन्याला तिची प्रत बंदर कप्तानाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी.